उपवासात जळते काय?

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण चेष्टेने वापरतो; पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात बरेच तथ्य आहे. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार करणारे विद्यार्थी आपल्यात पुष्कळ. उपवासाने पुण्य मिळो वा न मिळो, अंगावरची चरबी मात्र खात्रीने उतरते, अशी त्यांतील अनेकांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम शरीराचा जमाखर्च पाहू. भात-भाकरीतील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात आली की इन्सुलिन वाढते. इन्सुलिन म्हणजे कणगीवरचा राखणदार; तो जागा आहे तोवर माल आत जातो, बाहेर फारसा येत नाही. काही साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते : यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम. गरजेपेक्षा जास्त खाल्लेले शेवटी चरबीत जमा होते.

खाणे थांबले की इन्सुलिन उतरते आणि यकृतातील साठा खर्ची पडू लागतो. बारा तासांच्या सुमारास चरबीचा वाटा वाढू लागतो. एक दिवस लोटला की यकृताचा साठा जवळजवळ संपतो. चरबीतून सुटलेली मेदाम्ले स्नायू आणि हृदय जाळतात. मेंदूला मात्र ती चालत नाहीत. त्याला रोज सुमारे १२० ग्रॅम साखर लागते, आणि उपाशी शरीर ती काही अंशी स्नायूंतील प्रथिने मोडून तयार करते. दोन-तीन दिवसांनंतर यकृत मेदाम्लांपासून 'कीटोन' नावाचे पदार्थ मोठ्या प्रमाणात बनवते; त्यांवर मेंदूचे बरेचसे भागते आणि स्नायूंची झीज मंदावते. गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते आणि फळांचा थोडा रस घातलेले पाणी एवढाच त्यांचा आधार होता. माणूस इतके दिवस तग धरतो तो याच व्यवस्थेमुळे.

आता हिशेब करू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दिवसाचा खर्च २,००० कॅलरी धरला आणि तो सगळा चरबीतूनच भागला असे मानले, तरी कडकडीत उपवासाच्या एका दिवसात पाव किलोच्या आसपास चरबी जळेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच. मग काटा एकदम किलोभर खाली का येतो? एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, ते निघून जाते. जेवण सुरू झाले की ते परत येते.

हे झाले कडकडीत उपवासाचे. महाशिवरात्रीला महाडच्या विरेश्वराचे दर्शन घेऊन घरी आल्यावर ताटात काय असते? साबुदाणा म्हणजे तमिळनाडूतील सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून बनणारे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम शेंगदाणे आणि दोन चमचे तूप यांची खिचडी सुमारे ५०० कॅलरींची होते. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि भाजी यांचे मापही साधारण तेवढेच. कोणते धान्य उपासाला चालते, हे इन्सुलिनला ठाऊक नसते. दुपारी खिचडी, चारला बटाट्याचा कीस आणि मधूनमधून गोड चहा झाला की राखणदार दिवसभर जागाच राहतो.

या प्रश्नाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या पोलादपूर तालुक्यात आषाढी एकादशी बहुधा ऐन लावणीत येते. माझी आई त्या दिवशी सकाळी कोरा चहा घेते आणि दुपारपर्यंत चिखलात वाकून आवण लावते. तिच्या अंगावर जाळायला चरबी मुळातच थोडी. मग झीज स्नायूंची होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. शहरात बारीक होण्यासाठी जो उपवास सांगितला जातो, तो तिला कसा लागू पडणार? तिचा उपवास श्रद्धेचा आहे, तो सोडायला मी सांगणार नाही. पण शेतावर जाण्यापूर्वी वरीची पेज, दही किंवा शेंगदाण्याची आमटी घेतल्याने व्रत मोडत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहूच नये. त्यांची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

वजन कमी करणे हाच हेतू असेल, तर २०२२ साली प्रसिद्ध झालेला चीनमधील ग्वांगझू येथील प्रयोग लक्षात घ्यावा. १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारखेच मोजके अन्न देण्यात आले. त्यांतील निम्म्यांनी ते दिवसाच्या ठरावीक आठ तासांतच खाल्ले. दोन्ही गटांच्या वजनातील घट जवळजवळ सारखीच आढळली. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण अन्नाचे माप अधिक परिणाम करते. तेव्हा महिन्यातील दोन एकादश्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा उरलेल्या अठ्ठावीस दिवसांच्या ताटाकडे पाहिलेले बरे.