हट्टी क्षयावर सहा महिन्यांचा उपचार

प्रश्न : औषधांना दाद न देणारा क्षय सहा महिन्यांत बरा होतो का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुतेक रुग्णांत होतो. पूर्वी हे उपचार 18 ते 20 महिने चालत. इंजेक्शनांमुळे काहींना कायमचे बहिरेपणही येई. 2011च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी तपासलेल्या सर्वच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे 4 रुग्ण नोंदवले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. सप्टेंबर 2024मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या गोळ्यांच्या एकत्रित उपचाराला मान्यता दिली. यातील बेडाक्विलिन जंतूची ऊर्जानिर्मितीच बंद पाडते. लिनेझोलिडमुळे मात्र रक्तपेशी घटू शकतात, हातापायांना मुंग्या येतात. गरोदर स्त्रियांना हा उपचार देत नाहीत. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. बरे वाटले तरी गोळ्या आणि तपासण्या मध्येच सोडू नयेत.