माझी उंची किती होईल?

"मोठेपणी मी किती उंच होईन?" असा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. मला तर रोज पडतो. प्रार्थनेच्या रांगेत मी सगळ्यांत पुढे असते आणि मला पोलीस व्हायचे आहे. आपल्या राज्यात पोलीस शिपाई होण्यासाठी मुलींना निदान 155 व मुलांना 165 सेंटिमीटर उंची लागते.

आमच्या बाईंनी उंचीचा अंदाज काढायला शिकवले.

कृती : आईवडिलांना चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून सरळ उभे करावे. डोक्यावर पाटी आडवी धरून भिंतीवर खूण करावी व टेपने मोजावे. दोघांच्या उंचीची बेरीज करावी. मुलगा असेल तर 13 मिळवावेत, मुलगी असेल तर 13 वजा करावेत. मग निम्मे करावे. 13 का? कारण पुरुष बायकांपेक्षा सरासरीने सुमारे 13 सेंटिमीटर उंच असतात.

मी घरी मोजमाप केले. आई हसली. म्हणाली, "अगं, माझी उंची आजवर कुणी मोजलीच नाही!" आई 152, वडील 168. बेरीज 320.

दादा : 320 + 13 = 333. निम्मे 166.5.
मी : 320 − 13 = 307. निम्मे 153.5.

दादा ओरडला, "मी पास, तू नापास!" मला दीड सेंटिमीटर कमी पडले. त्या रात्री मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अगं, हा अंदाज आहे, निकाल नव्हे. बहुतेकांची उंची या आकड्याच्या 8.5 सेंटिमीटर खाली-वर असते." म्हणजे मी 145 ते 162 आणि दादा 158 ते 175. म्हणजे दादासुद्धा नापास होऊ शकतो!

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी 205 कुटुंबांतील 928 मोठ्या झालेल्या मुलामुलींच्या उंचीचा अभ्यास 1886 साली छापला. त्यात दिसले, की बुटक्या आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी उंच होतात आणि फार उंच आईवडिलांची मुले थोडी कमी.

उंची आईवडिलांकडून येते हे खरे. पण पोटभर चांगले अन्न मिळाले नाही किंवा सारखे आजारपण आले, तर ती खुंटते. म्हणजे रुसून उपाशी राहिल्याने तोटा माझाच!

आता मी पानात भाजी टाकत नाही. दाराच्या चौकटीवर आम्ही दोघांच्या खुणा केल्या आहेत. दर 15 ऑगस्टला मोजणार. तुम्हीही मोजा, पण बुटक्याला चिडवू नका.

— इयत्ता 4 थी