गुराब : जमीन उकरणारा पक्षी

सूरह अल्-माइदाच्या ३१ व्या आयतीत एक पक्षी येतो आणि एका वाक्यात आपले काम उरकून निघून जातो. आदम (अ.) यांच्या एका पुत्राने आपल्या भावाचा खून केला होता. प्रेताचे काय करावे हे त्याला कळेना. तेव्हा अल्लाहने एक ‘गुराब’ पाठविला. तो जमीन उकरू लागला आणि खुन्याला मार्ग दिसला. (हाबील व काबील ही नावे परंपरेतून आली आहेत, कुरआनने ती दिलेली नाहीत.)

हा गुराब म्हणजे नेमका कोणता पक्षी? अरबीत या शब्दात कावळ्याचे सारे कूळ सामावते. आपल्या अंगणातला राखी मानेचा गावकावळा आणि रानातला काळाभोर डोमकावळा त्याच कुळातले. इंग्रजीत ज्याला ‘रेव्हन’ म्हणतात तो यांचा थोरला भाऊ. त्याचे वजन एक किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक आणि पंखांचा पसारा चार फुटांच्या घरात असतो. शेपूट पाचरीसारखी, चोच जाड, आवाज खोल व घोगरा. महाराष्ट्रात तो आढळत नाही. भारतात त्याला पाहायचे तर हिमालयात किंवा वायव्येच्या कोरड्या प्रदेशात जावे लागते. अरबस्तानच्या वाळवंटात त्याचा तपकिरी मानेचा भाऊबंद राहतो.

आता आयतीतील क्रियापदाकडे लक्ष द्या. गुराब जमीन ‘उकरतो’. निसर्गाच्या अभ्यासकाला हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल. मेलेल्या जनावरावर ताव मारताना रेव्हन तेथेच सारे खात नाही. मांसाचे तुकडे घशाखालच्या पिशवीत भरून तो दूर जातो, चोचीने माती उकरतो, तुकडा आत ठेवतो आणि वर माती, पाने वा बर्फ सारून जागा झाकतो. अशा अनेक जागा तो ध्यानात ठेवतो. दुसरा रेव्हन पाहत असेल तर तो आडोसा शोधतो. व्हिएन्ना विद्यापीठाचे थॉमस बुगन्यार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विलक्षण आहे. शेजारच्या खोलीतून फक्त दुसऱ्या रेव्हनचा आवाज येत होता. मधल्या भिंतीतील छिद्र उघडे असेल तरच पक्षी सावधपणे, घाईने अन्न लपवीत. छिद्रातून डोकावता येते हे ते स्वतः डोकावून शिकले होते. म्हणून आपल्यालाही कोणी पाहत असेल, हे त्यांनी ताडले.

कावळे आपले मृत पुरतात काय? तसे कोणी नोंदविलेले नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील केली स्विफ्ट व जॉन मार्झलफ यांनी २०१५ मध्ये दाखविले की, अमेरिकन कावळे मेलेल्या कावळ्याभोवती जमतात, कलकलाट करतात आणि पुढे त्या जागेपासून जपून राहतात. धोका कोठे आहे, हे ते मृताकडून शिकतात. माती मात्र देत नाहीत.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तफसीरच्या ग्रंथांत अशी कथा येते की दोन कावळे भांडले, एकाने दुसऱ्यास मारले व खड्डा करून पुरले. इब्ने कसीर यांनीही ती सुद्दी यांच्या हवाल्याने नोंदविली आहे. परंतु आयतीत दुसरा कावळा नाही, मेलेला कावळाही नाही. तेथे केवळ उकरणे आहे. माझ्या मते आयत समजण्यास त्या कथेची गरज नाही. पक्ष्याने आपले रोजचे काम केले, आणि ते कोणापुढे करायचे हे अल्लाहने ठरविले. अर्थ पाहणाऱ्याने काढावयाचा होता, आणि खुन्याने तो काढलाही.

हदीसमध्ये गुराबची प्रशंसा आढळत नाही. इहरामच्या अवस्थेतही ज्यांना मारण्यास मुभा आहे अशा पाच उपद्रवी प्राण्यांत त्याचे नाव येते. सहीह मुस्लिममधील एका रिवायतीत ‘कबरा कावळा’ असे विशेषण आहे. सजद्यात कावळ्यासारखी घाईने चोच मारू नये, असेही प्रेषित (स.) यांनी बजावले. अरब लोक त्याला विरहाचा अपशकुन मानीत, तर आपल्या खेड्यांत तो ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. प्रेषित (स.) यांनी पक्ष्यांवरून शकुन पाहणेच नाकारले.

अशा पक्ष्याकडून शिकावे लागले, याचीच त्या खुन्याला लाज वाटली. या कावळ्याइतकेही मला जमले नाही, असा त्याचा आक्रोश आयतीत आहे आणि त्याला पस्तावा झाल्याचेही म्हटले आहे. पण हा पस्तावा कशाचा? त्याच्या तोंडी खुनाचा उल्लेख नाही, क्षमायाचना नाही. आहे ती प्रेत झाकता न आल्याची खंत. अनेक भाष्यकारांनी म्हणूनच त्याला तौबा मानले नाही. आणि लगेच पुढच्या, ३२ व्या आयतीत एका निरपराध जिवाची हत्या अखिल मानवजातीच्या हत्येसमान ठरविली गेली.