मिरचीच्या रोपाला ऊन किती, आणि त्यासाठी खर्च किती?

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत फ्लॅटच्या गॅलरीत मिरची लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. रोप वाढतं, पानं हिरवीगार असतात, फुलंही येतात, पण मिरची धरत नाही. मग कोणी खत सुचवतं, कोणी औषध, आणि बघता बघता तीन-चारशे रुपये खर्च होतात. अशा बऱ्याच रोपांचं खरं दुखणं उन्हाचं असतं. मिरची भरपूर धरायला दिवसाला ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. ४ तासांत थोडीफार मिळते. त्याहून कमी उन्हात रोप उंच, लांबट होतं आणि फुलं गळतात. म्हणून खिशात हात घालण्याआधी ऊन मोजा. त्याला पैसा लागत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ पासून दर तासाला, जिथे कुंडी ठेवायची तिथे हात धरून बघा. सावली रेखीव पडली तर तो तास धरा, फिकट पडली तर सोडून द्या. मोबाइलवर लक्स मोजणारं मोफत अ‍ॅप असेल तर आणखी सोपं. भर उन्हात आकडा १ लाखाच्या आसपास जातो, ढगाळ दिवशी १०-२० हजारांवर येतो आणि घरात ट्यूबखाली जेमतेम ३००-४०० दिसतो. आपल्या डोळ्यांना हॉलचा कोपरा उजेडाचा वाटतो, रोपासाठी तिथे जवळजवळ अंधारच असतो. खिडकीच्या काचेला गडद फिल्म लावलेली असेल तर काचेआडचं ऊनही पुरत नाही. कुंडी ग्रीलमध्येच हवी.

आता दिशा. फ्लॅटधारकाला हे कळलं तर निम्मे पैसे वाचतात. आपण १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहोत. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. मार्चच्या अखेरीस तो ७४-७५ अंशांवर चढतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवू लागतो. कुंडी कठड्याच्या उंचीवर घेतली तरच भागतं. मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यामुळे गॅलरीत भर दुपारी ऊन शिरतच नाही. कोकणात भात निघाल्यावर मिरची लावतात, ती नेमकी हिवाळ्याच्या या कललेल्या उन्हात वाढते. दक्षिणेची गॅलरी असणाऱ्यांनी सप्टेंबरात बी टाकावं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप मोठ्या कुंडीत हलवावं आणि जानेवारीपासून मिरच्या तोडाव्यात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हौसेने रोपं आणली जातात, पण पुढचे तीन-चार महिने ढगांचे असतात. त्या रोपांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पूर्वेच्या गॅलरीत ४-५ तासांचं सौम्य ऊन मिळतं, तेवढ्यावर एका घराची फोडणी निघते. मात्र कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या गल्ल्यांत समोरची इमारत हाताच्या अंतरावर असते आणि खालच्या मजल्यांवर ते ऊन तासाभरावर येतं. तिथे दिशा विचारू नका, मोजलेले तास बघा. पश्चिमेला ऊन भरपूर, पण एप्रिल-मेत तापलेल्या भिंतीची धगही सोबत. पारा ३५ च्या वर राहिला की फुलं गळतात आणि मिरचीवर पांढरट, करपलेले डाग पडतात. त्यावर ५० टक्क्यांची हिरवी जाळी पुरते. गॅलरीपुरता तुकडा साधारण २०० ते ४०० रुपयांना मिळतो. ती फक्त दुपारी ओढावी आणि पावसाळ्याआधी काढून ठेवावी. पानं वळली म्हणून लगेच उन्हाला दोष देऊ नका. संध्याकाळी उलगडली तर उन्हाचा ताण, सकाळीही चुरडलेलीच दिसली तर पानांखाली किडे बघा.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते दिव्यांवर. बाजारात जांभळे ‘ग्रो लाइट’ हजार-दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत विकले जातात. रंगाला भुलू नका, पांढऱ्या उजेडातही रोप चांगलं वाढतं. खोक्यावरचा मोठा आकडा सोडून दिवा प्रत्यक्षात किती वॅट वीज घेतो ते विचारा. मग हिशेब मांडा. निव्वळ दिव्यावर एका रोपाला मिरच्या धरायच्या तर साधारण ७० वॅट, रोज १४ तास लागतात. म्हणजे दिवसाला जवळजवळ १ युनिट, महिन्याला ३०. युनिटचा सगळा मिळून खर्च १२ रुपये धरला तर ३६० रुपये. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांवर दर चढतो, त्यामुळे तुमचं बिल त्या उंबरठ्यावर असेल तर याहून जास्त. एका झाडाच्या मिरच्या एवढ्या किमतीच्या होत नाहीत. फळांसाठी दिवा घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते.

रोपवाटिकेसाठी मात्र दिवा उपयोगी आहे. साधी २० वॅटची एलईडी ट्यूब २०० ते ३५० रुपयांना येते. ती ट्रेच्या वर वीतभर अंतरावर टांगा, रोज १४ तास चालू ठेवा. महिन्याला साडेआठ युनिट, म्हणजे शंभरेक रुपये. सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत बाळरोपं त्यामुळे लांबट होत नाहीत. नंतर त्यांना एकदम उन्हात ठेवू नये. आठवडाभर रोज तासाभराने ऊन वाढवावं. वायर पावसाच्या झडीत येणार नाही एवढी काळजी घ्या.

बाकी खर्च किरकोळ. १२ इंची प्लास्टिक कुंडी १०० ते २००, बियांचं पाकीट ३० ते ६० रुपये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ मिळाली तर उत्तम, नाहीतर ‘पुसा ज्वाला’ सहज मिळते. अंधाऱ्या गॅलरीच्या भिंतीला पांढरा रंग दिला तर उजेड थोडा वाढतो, पण तो थेट उन्हाची जागा घेत नाही. गच्चीवर ऊन भरपूर, पण गच्ची सामाईक असते. ओल्या मातीची एक कुंडी १५-२० किलो भरते आणि गळतीचा वाद नंतर महागात पडतो, म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

आणि मोजलेलं ऊन ४ तासही भरत नसेल, तर त्या गॅलरीत मिरचीचा आग्रह सोडून पुदिना, पानांचा ओवा किंवा अळू लावा. त्यांना दोन-तीन तासांचं ऊन पुरतं.