काँट्रा : एकट्याने आणि फक्त तीन जीवांत

काँट्रा माहीत नाही असा होस्टेलवाला विरळाच! जपानच्या कोनामी कंपनीने हा गेम १९८७ साली आर्केडसाठी काढला आणि १९८८ मध्ये तो घरच्या टीव्हीवर आला. एक गोळी लागली की एक जीव गेला, असा साधा हिशोब. आमच्या लांज्याकडे मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं मुंबईहून आली की दोन रिमोटवर जोडी जमायची. जूनमध्ये शाळा उघडली की पार्टनर मुंबईला आणि आपण एकटे. होस्टेलमध्ये रूममेट सबमिशनला बसला की तीच गत. म्हणून हा लेख एकट्यांसाठी.

आधी तीस जीवांच्या कोडविषयी. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए, स्टार्ट हा क्रम कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने बसवला, तोही 'ग्रेडियस' या दुसऱ्याच गेमसाठी (१९८६). टेस्टिंग करताना तो गेम त्याला स्वतःलाच जमेना! नंतर तोच क्रम काँट्रात आला. म्हणजे कोड हे मुळात टेस्टिंगचं साधन. जिंकायला तो वापरला तर नुकसान आपलंच, कारण तीस जीव हाताशी असले की गोळी का लागली याचा विचार कोणी करत नाही.

आता टिप्स :

१) 'एस' गन सांभाळा. तिच्या पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. बॉसच्या जवळ जाऊन मारल्या तर पाचही त्यालाच लागतात. दुसऱ्या गनचं अक्षर उचललं की 'एस' जाते, म्हणून समोर आलेलं सगळंच उचलू नका. मेलात तरी गन जाते आणि साध्या बंदुकीने पुढचा जीव टिकवणं जड जातं. म्हणून पहिला जीव सगळ्यात महाग समजा.

२) आडवे व्हा. झोपल्यावर बऱ्याच गोळ्या डोक्यावरून जातात. दुसऱ्या लेव्हलच्या बेसमध्ये तर हे हवंच. तिथल्या विजेच्या तारांना घाईने भिडलात तर मरत नाही, पण क्षणभर जागीच अडकता आणि तेवढ्यात गोळी लागते.

३) धबधब्यात एकटेपणाचा फायदा घ्या. जोडीत एकजण भराभर वर चढला की खाली राहिलेला स्क्रीनबाहेर जाऊन मरतो. एकट्याला ती भीती नाही. थांबा, वरून येणारा दगड जाऊ द्या, मग उडी मारा. उडी हवेतही वळवता येते. फक्त खालची पायरी स्क्रीनवरून गेली की तिथे परत जाता येत नाही.

४) सहाव्या लेव्हलला आगीचे झोत ठरावीक तालात चालू-बंद होतात. आधी नुसते बघा, ताल मोजा, मग पळा.

५) आठव्या लेव्हलला शेवटी एक मोठं हृदय असतं. भोवतीच्या अंड्यांतून निघणाऱ्या किड्यांच्या मागे लागू नका, हृदयावर मारत राहा.

सराव कसा करावा? जुन्या टीव्ही गेमवर सेव्हची सोय नव्हती. पावसात लाईट गेली की पुन्हा पहिली लेव्हल! त्यामुळे पहिल्या दोन लेव्हल सगळ्यांना पाठ असतात आणि सातवी-आठवी नवखीच राहते. इथे मात्र कोड खुशाल मारा. तीस जीव घेऊन शेवटपर्यंत जा आणि कुठे, कशाने मेलात ते वहीत लिहा. शत्रूंच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या असल्याने ही यादी पुढच्या वेळी कामाला येते. मग कोड न मारता खेळा. आधी कोडने टेस्टिंग, नंतर खरा सामना.

नाहीतरी व्हायवाला पार्टनर बरोबर येत नाही आणि कोडही चालत नाही! बेस्ट ऑफ लक!