वाळलेल्या झाडाचे मोल

(वाळलेले झाड निरुपयोगी असते, असे आपण समजतो. अशाच झाडांसाठी युरोपात मोठा वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. त्याची हकिकत या पाठात दिली आहे.)

थंडी सुरू झाली, की महाराष्ट्रातील आमरायांत आणि बागांत एक पाहुणा येतो. तो चिमणीपेक्षाही लहान असतो. झटकन उडून माशी पकडायची आणि पुन्हा फांदीवर येऊन बसायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. नराच्या गळ्यावर नारिंगी रंग असतो. हा लाल छातीचा माशीमार पक्षी होय. उन्हाळा लागला, की तो दिसेनासा होतो. मग तो जातो कोठे?

तो हजारो किलोमीटर उडत जातो. पूर्व युरोपातील जुन्या जंगलांत तो घरटे करतो आणि पिल्ले वाढवतो. ब्यावोव्येझाचे जंगल हे अशा जंगलांपैकीच एक.

पोलंड आणि बेलारूस या देशांच्या सीमेवर हे जंगल पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर आहे. एके काळी युरोपच्या सपाट प्रदेशात अशी जंगले दूरवर होती. शेतीसाठी आणि लाकडासाठी माणसाने ती तोडली. हे जंगल मात्र राजेलोकांनी शिकारीसाठी राखून ठेवले, म्हणून ते वाचले. १९३२ साली पोलंडमध्ये त्याच्या एका भागाचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७९ साली युनेस्कोने पोलंडमधील भागाला जागतिक वारसा म्हणून मान दिला. १९९२ साली बेलारूसमधील भागही त्यात आला.

या जंगलाच्या जुन्या भागात गेले, की प्रथम नवल वाटते. ओक आणि स्प्रूस यांची उंच झाडे उभी असतात. त्यांच्यामध्ये मेलेली झाडेही तशीच उभी असतात. काही आडवी पडून कुजत असतात. पण ही झाडे म्हणजे पक्ष्यांची घरे आणि भोजनालये आहेत. वाळलेल्या खोडात अळ्या असतात. सुतार पक्षी चोचीने खोड फोडून त्या खातो. त्याच खोडात तो घरट्यासाठी ढोली कोरतो. त्याने सोडलेली ढोली दुसऱ्याच्या कामी येते. मैनेपेक्षाही लहान असे एक घुबड तेथे राहते. ते सुतार पक्ष्याच्या जुन्या ढोलीत अंडी घालते.

तोमाश वेसोवोव्स्की आणि लुद्विक तोमियावोइच या पोलंडच्या पक्षितज्ज्ञांनी १९७५ साली येथील पक्ष्यांची नियमित मोजणी सुरू केली. त्यांच्या चिकाटीमुळे एक गोष्ट कळली. या जुन्या जंगलात ढोल्यांची टंचाई नाही. माणसाने साफसूफ केलेल्या जंगलात मात्र पक्ष्यांना ढोली मिळणे कठीण जाते.

पुढे एक संकट आले. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे स्प्रूसची झाडे मोठ्या संख्येने वाळू लागली. २०१६ साली पोलंड सरकारने जंगलाच्या एका विभागात तोडीची मर्यादा सुमारे ६३ हजार घनमीटरवरून १ लाख ८८ हजार घनमीटरपर्यंत वाढवली. कीड लागलेली झाडे काढली, तर बाकीची वाचतील, असे सरकारचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांचे मत वेगळे होते. ते म्हणाले, “भुंगेरा या जंगलातलाच आहे. तीनबोटी सुतार पक्षी त्यावरच जगतो. झाडे नेली, तर कीड खाणारा पक्षीही जाईल.” काही लोकांनी तर स्वतःला यंत्रांना साखळ्यांनी बांधून घेतले आणि तोड अडवली.

युरोपीय संघात १९७९ पासून पक्षिरक्षणाचा कायदा आहे. त्याच्या आधारे २०१७ साली हे प्रकरण संघाच्या न्यायालयात गेले. न्यायालयाने तोड थांबवण्याचा हुकूम दिला. लोकांच्या जिवाला धोका असेल, तेथेच झाड तोडण्याची सूट ठेवली. तरीही तोड थांबली नाही, म्हणून रोज किमान एक लाख युरो दंड करण्याची ताकीद दिली. १७ एप्रिल २०१८ रोजी निकाल लागला. पोलंडने कायदा मोडला आहे, असे न्यायालयाने ठरवले. तोडलेली झाडे काही परत उभी राहिली नाहीत. पण राहिलेल्या जंगलाला कायद्याचा आधार मिळाला.

जंगल म्हणजे बाग नव्हे. रस्त्यावर कोसळू पाहणारे झाड काढलेच पाहिजे. पण जंगलाच्या आत वाळलेले झाड दिसले, तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी त्याच्या ढोलीत कोण राहते, हे पाहावे. पुढच्या हिवाळ्यात आपल्या आमराईत येणारा पाहुणा कदाचित तेथेच जन्मलेला असेल.

शब्दार्थ
आमराई – आंब्याच्या झाडांची बाग
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळ जागा
टंचाई – कमतरता
ताकीद – सक्त सूचना

स्वाध्याय
१. ब्यावोव्येझाचे जंगल कशामुळे वाचले?
२. वाळलेले झाड पक्ष्यांच्या कसे उपयोगी पडते?
३. सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे काय होते? तुम्हांला कोणाचे पटते? का?
४. हुकूम, कायदा, ताकीद हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.