घरच्या मीटरवर विजेची गाडी : नियम आणि काळजी



अंबड, घनसावंगी, परतूर भागात आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर दिसू लागल्या आहेत. गट ऑफिसात ऊसनोंदीला आलेले सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, घरी चार्जिंग करायचं तर परवाना कुठून काढायचा?" म्हणून या अंकात उसाऐवजी थोडे विजेविषयी.

१) परवाना : घरी स्वतःची गाडी चार्ज करण्यास वेगळा परवाना लागत नाही. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू जोडणीवरून चार्जिंगची मोकळीक स्पष्ट केली. महावितरणच्या दरपत्रकाप्रमाणे अशा चार्जिंगला त्या जागेचाच, म्हणजे घराला घरगुती दर लागतो. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करायच्या असतील, तर मात्र चार्जिंग स्टेशनच्या दराची जोडणी घ्यावी.

२) भार : स्कूटरचा चार्जर साधारणतः १ किलोवॅटच्या आतला असतो. मोटारीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा, तर भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा. म्हणजे घरात जवळजवळ १० अश्वशक्तीची मोटार बसवल्यासारखेच झाले! आपल्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो आधी पाहा. कमी पडत असेल तर भारवाढीचा अर्ज महावितरणकडे करावा. नोंदीशिवाय उसाला तोड नाही, तसेच हे समजावे.

३) हिशेब : ३ युनिट क्षमतेची बॅटरी पूर्ण भरण्यास सुमारे साडेतीन युनिट लागतात. दिवसाआड चार्ज केल्यास महिन्याला ५२-५३ युनिट. घरचा वापर ८० युनिट असेल तर एकूण १३२ च्या घरात जातो आणि १०० च्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो. पेट्रोलशी तुलना करताना हे धरावे.

४) सुरक्षा : वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, गाडी चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण असावे. जादा वायरीची एक्स्टेन्शन जोडू नये. आर्थिंग पक्के हवे. उन्हाळ्यात जमीन वाळते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालावे. कडब्याची गंजी, पाचट व जनावरांचा गोठा यांच्याजवळ गाडी चार्जिंगला लावू नये.

५) शेतीपंपाची लाइन : सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आहे. "बिल तर येतच नाही, मग गाडी विहिरीवरच लावू," असे काहीजण बोलतात. ही जोडणी पंपासाठी मंजूर आहे. मंजूर कारण सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरल्यास विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून झाला हे कळले नाही तर मागील १२ महिने धरतात. तारेवर आकडा टाकणे ही तर कलम १३५ खाली चोरीच. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पंपाच्या पेटीतल्या उघड्या फ्यूजवर ओल्या हाताने चार्जर लावताना जिवावर बेतते, ते वेगळेच.

साडेतीन युनिट वाचवायला जाऊन घरचा कर्ता माणूस गमवायचा का, याचा विचार ज्याने त्याने करावा. गाडी जरूर घ्या. पण घेण्याआधी बिल पाहा, भार वाढवा, आर्थिंग तपासून घ्या आणि घरच्याच मीटरवर चार्ज करा, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी